पुडा उलटा करा: काउंटरमागून शिकवलेलं लेबलवाचन

गेल्या श्रावणात एक काकू नाचणीच्या बिस्किटांचे चार पुडे घेऊन काउंटरवर आल्या. नातवाला मैदा द्यायचा नाही, असं सुनेनं बजावलं होतं. पुड्यावर नाचणीचं कणीस, पागोटं घातलेला शेतकरी, मातीचा रंग, सगळं कसं घरचं. मी पुडा उलटा केला, काउंटरला सुतळीनं बांधलेलं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि घटकांतलं पहिलं नाव वाचायला सांगितलं. "रिफाइन्ड व्हीट फ्लोअर. म्हणजे काय रे?" म्हटलं, "मैदा, काकू." त्यानंतर साखर, मग पाम तेल, आणि चौथ्या नंबरला नाचणीचं पीठ, नऊ टक्के. काकू बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हे चित्र कशाला काढलंय?"

चित्र कशाला काढतात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते विकूनच आमचं घर चालतं. सांगलीत आमचं किराणा दुकान आहे, अण्णांच्या काळापासूनचं. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण पुडे कसे बनतात, कुठे मांडले जातात आणि कुणाच्या हातात का जातात, हे पंचवीस वर्षं बघतोय. ज्यांनी आजवर पुड्याची मागची बाजू कधी वाचलीच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथून पुढे एवढंच धरून चाला: पुढची बाजू कंपनीनं विकण्यासाठी लिहिलेली असते, मागची बाजू कायद्यानं लिहायला लावलेली असते. पुढे लिहिलेलं बहुतेक वेळा खोटं नसतं. नाचणी होतीच की त्यात.

घरून निघताना: यादीत वस्तू लिहा

पूर्वी यादी यायची ती अशी: तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ, पोहे, गोडेतेल. आता व्हॉट्सॲपवर यादी येते, त्यात निम्म्या ओळी ब्रँडच्या असतात आणि काही ओळी तर "ते जाहिरातीतलं, उंची वाढायचं" अशा. म्हणजे निवड दुकानात पाऊल टाकायच्या आधीच, टीव्हीसमोर झालेली असते.

म्हणून सुरुवात घरातूनच करा. प्रत्येक वस्तूपुढे ती कशासाठी हवी ते मनात म्हणा. मूल नुसतं दूध पीत नाही, ही अडचण असेल तर तिला वेलची, केळं, चिमूटभर कोको अशी चार उत्तरं आहेत. "मेंदूच्या विकासासाठी" असं उत्तर मनात आलं, तर ते तुमचं नाही, जाहिरातीचं आहे. ती ओळ खोडायची गरज नाही, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

हा खेळ जुनाच आहे. डालडा १९३७ साली बाजारात आला. हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल, पण घराघरात त्याला 'वनस्पती तूप' म्हणायला लागले, आणि तूप म्हटल्यावर प्रश्न संपला. त्या प्रकारच्या तेलातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक, हे कळून आपल्याकडे तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात किती लग्नांच्या पंगती उठल्या असतील, मोजा.

दुकानात: डोळ्यांसमोरची जागा विकलेली असते

हे आमच्या धंद्यातलं गुपित म्हणा. कंपनीचा पोरगा येतो आणि 'विंडो' मागतो. विंडो म्हणजे दुकानातली ठरलेली फळी, जिथे फक्त त्यांचा माल, त्यांनी सांगितलेल्या क्रमानं लावायचा. त्याबदल्यात महिन्याला काही रक्कम किंवा मालात सूट. तो पोरगा दर फेरीला त्या फळीचा फोटो काढून कंपनीच्या ॲपवर टाकतो. फळी रिकामी दिसली तर पैसे कापतात. मी हे पैसे घेतो. भाडं, वीज, कामगार, सगळं डाळीच्या नफ्यावर भागत नाही.

काउंटरच्या कडेला पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात त्या नेमक्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आई सुट्टे मोजत असते आणि पोराचा हात माळेवर असतो. त्या क्षणी नाही म्हणणं अवघड, हे माळ लटकवणाऱ्याला माहीत असतं. मॉलमध्येही बिलाच्या रांगेशेजारी हेच. डाळी, ज्वारी, राजगिरा, फुटाणे खाली पोत्यात नाहीतर मागच्या बाजूला, कारण त्यांच्या विंडोचे पैसे द्यायला कुणी येत नाही.

तेव्हा दुकानात शिरल्यावर आधी वाका. खालच्या फळीपासून बघायला लागा. जेवून या, उपाशीपोटी केलेली खरेदी हमखास कुरकुरीत असते. 'एकावर एक' दिसलं की तारीख बघा, मुदत संपत आलेला माल असाच निघतो. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, पण आतलं वजन घटत जातं. आता बहुतेक पुड्यांवर ग्रॅममागची किंमत छापलेली असते, मोठा आणि छोटा पुडा शेजारी ठेवून ती ताडून बघा. कधीकधी छोटाच स्वस्त पडतो.

एका मालाची विंडो मात्र मला कुणी मागत नाही: दोन वर्षांखालच्या बाळांचं डबाबंद अन्न. १९९२ च्या कायद्यानं त्याच्या जाहिरातीवरच बंदी आहे. पोस्टर नाही, भेटवस्तू नाही, सूट नाही. म्हणजे बंदी घालायची ठरवली तर घालता येते.

पुडा उलटा: घटकांची यादी

आता मुख्य काम. मागच्या बाजूला 'इन्ग्रेडियंट्स' लिहिलेलं शोधा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पहिली तीन नावं वाचा. तुमचा पुडा साधारण त्या तीन गोष्टींचा आहे. मैदा, साखर, पाम तेल ही त्रिमूर्ती एकदा ओळखू यायला लागली की क्रीमचं बिस्किट आणि 'डायजेस्टिव्ह' बिस्किट यांतलं अंतर फार वाटत नाही.

शब्द थोडे अडवतात. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. 'होल व्हीट फ्लोअर' म्हणजे कणीक, पण तिच्यापुढचा टक्का बघा. 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल' लिहून पुढे कंसात पाम किंवा पामोलीन असतं. पुढच्या बाजूला ज्याचं चित्र काढलंय किंवा ज्याचं नाव मोठं केलंय, त्याचा टक्का मागे छापावाच लागतो. बदाम बिस्किटात बदाम किती, आंब्याच्या पेयात आंबा किती, हे तिथे सापडतं. पहिल्यांदा वाचणारे हसतात, नंतर चिडतात.

साखरेला टोपणनावं फार. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, गुळाची पावडर. एकच साखर चार नावांनी वाटून टाकली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि ओट्स वर येतात. सगळी एकत्र धरली तर पहिला नंबर कुणाचा, हा हिशोब तुम्ही करायचा. 'माल्टोडेक्स्ट्रिन' हा तर आतल्या गोटातला. तो साखरेच्या रकान्यात मोजला जात नाही, पण रक्तातली साखर मात्र झपाट्यानं वाढवतो. घरात मधुमेही असेल तर हा शब्द पाठच करा.

आकड्यांना घाबरू नका. आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेले ठरलेले क्रमांक. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल. ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या घरातलं. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधून काढलेलं. मोबाइलवर कुणीतरी हे आकडे वाचून 'विष, विष' ओरडत असतो, तीसुद्धा एक जाहिरातच असते, बहुतेक त्याच्या स्वतःच्या पिठाची. पण जिथे ६२७ आणि ६३१ दिसतील, तिथे चव वाढवण्याचं काम चाललंय हे समजा. 'एमएसजी (म्हणजे अजिनोमोटो) घातलेलं नाही' असं पुढे लिहून मागे ही जोडी बसवलेली मी पाहिली आहे. त्यात बेकायदा काही नाही. एवढंच, की हात पुडीतून बाहेर निघत नाही तो तुमच्या कमकुवत मनामुळे नाही.

तक्ता: 'पर सर्व्ह'चा रकाना सोडून द्या

घटकांच्या खाली पोषणाचा तक्ता असतो. त्यात १०० ग्रॅमचा (पेय असेल तर १०० मिलीलिटरचा) रकाना धरा. सगळे पुडे एका मापानं तोलायचे असतील तर हाच एक तराजू. 'पर सर्व्ह' म्हणजे कंपनीनं ठरवलेला एक घास. वेफर्सची सर्व्ह ३० ग्रॅम लिहिलेली असते. ३० ग्रॅमवर पुडी बंद करून चिमटा लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींवर हे करून बघू, कारण त्यांचा इतिहास सार्वजनिक आहे. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाचा बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला. कंपनीची नोटीस आल्यावर त्यानं तो काढून टाकला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनं १०० ग्रॅममागची वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीनं आपल्या पेयांच्या गटाचं नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' केलं. इतकी वर्षं आयांनी जो शब्द ऐकून डबा घेतला, तो शब्द कायद्यात कुठे नव्हताच.

हिशोब असा. ३२.२ च्या हिशोबानं २० ग्रॅम पावडरीत सुमारे साडेसहा ग्रॅम साखर आली, म्हणजे चहाचा सव्वा-दीड चमचा. वरून आई आणखी एक चमचा घालते, कारण पोराला सवय तशी. दिवसातून दोन कप. आता तक्त्यातला दिवसाच्या गरजेच्या टक्क्याचा रकाना बघा. तो टक्का रोज २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाचा आणि दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की शक्यतो याच्या निम्म्यावर थांबावं. शिवाय तुमचा पाच वर्षांचा मुलगा काही २००० कॅलरी खात नाही. 'फक्त १३ टक्के' वाचून समाधान मानू नका.

मिठाचा हिशोब सोपा आहे: सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणा, मीठ मिळालं. दिवसाला सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ पाच ग्रॅम, एवढीच मर्यादा आहे. इन्स्टंट नूडल्स आणि सूपच्या पुडीवर हे एकदा करून बघा, बाकीचं तुम्हीच ठरवाल.

पुढच्या बाजूचे शब्द

आता पुडा पुन्हा सरळ करायला हरकत नाही. 'शुगर फ्री' लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, हे खरं. पण त्या बिस्किटातला मैदा कुठे गेलेला नसतो, आणि मैद्याची पोटात जाऊन साखरच होते. आमचे मधुमेही गिऱ्हाईक शुगर फ्री म्हणून दोनाऐवजी सहा खातात. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातली नाही, मुळात नाही असं नव्हे. गोडेतेलावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिणं म्हणजे भोपळ्यावर 'हाडं काढलेला' लिहिण्यासारखं आहे, वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. 'मल्टीग्रेन'ला पाच धान्यांची चिमूट-चिमूट पुरते. 'हाय प्रोटीन' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं असली की भागतं. त्या हिशोबानं फुटाण्यांच्या पोत्यावर मी हे सोनेरी अक्षरांत लिहायला हवं, त्यात जवळपास दुप्पट असतात.

'१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढून टाकायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, जून २०२४ मध्ये सांगितलं, कारण त्यातले बरेचसे रस आटवून पुन्हा पाणी घालून केलेले असतात. आइस्क्रीम आणि 'फ्रोझन डेझर्ट' एकाच फ्रीजमध्ये एकाच रंगाच्या कपात असतात. पहिल्यात दुधाची स्निग्धता, दुसऱ्यात वनस्पती तेल. यावरून २०१७ मध्ये दोन मोठ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या, पण गिऱ्हाईक अजून दोन्हीला आइस्क्रीमच म्हणतं. दिवाळीतल्या 'डाएट चिवड्या'बद्दल मी काही बोलत नाही, तो आम्हीही विकतो. मागची बाजू वाचा.

चिलीनं २०१६ मध्ये सरळ पुड्याच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोनी ठसे मारायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त. गोड पेयांची खरेदी जवळपास चौथाईनं घटली. आपल्याकडे अशा इशाऱ्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. तोवर भिंग आहे.

एक चूक, माझीच

२०१९ चा उन्हाळा. मागच्या गल्लीतले एक भाऊ धावत आले, पोराला जुलाब होतायत, डॉक्टरांनी ओआरएस सांगितलंय. माझ्याकडे टेट्रापॅक होते, नावात ओआरएस ही अक्षरं ठळक, वर सफरचंदाचं चित्र. मी चार दिले. आम्हा दोघांनाही वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी ते परत आले ते खालच्या आवाजात बोलत. पोराला सलाइन लावलं होतं आणि डॉक्टरांनी रिकामा टेट्रापॅक हातात घेऊन विचारलं होतं, "हे कुणी दिलं?"

खऱ्या ओआरएसचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेलं आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. या प्रमाणातच सगळी किमया आहे. साखर एवढीच असली तर आतडं मीठ-पाणी आत ओढून घेतं. साखर त्याच्या कितीतरी पट झाली तर उलट होतं, पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. मी दिलेलं पेय हे गोड सरबत होतं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या एका नावासाठी आठ वर्षं लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला: जे ठरलेल्या मापाचं नाही, त्याच्या नावात ओआरएस ही अक्षरं नकोत. तरी तुम्ही एवढं करा. ओआरएस औषधाच्या दुकानातूनच घ्या, पावडरीची पुडी घ्या, तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा आणि पुडीवर सांगितलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला. आशाताईंकडे ती फुकट मिळते. रात्री-बेरात्री काहीच नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ चमच्यानं मोजूनच, अंदाजानं नको. आणि मूल मलूल पडलं तर दवाखाना.

डबे, गोळ्या, पावडरी

पुतण्या जिमला जायला लागला आणि तिसऱ्या आठवड्यात तीन हजारांचा डबा घेऊन आला. ट्रेनरनं सांगितलं होतं. ट्रेनरला डब्यामागे किती मिळतात ते मला विचारायची गरज पडली नाही, मीही दुकानदार आहे. मी त्याला कागद-पेन दिलं.

आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार धडधाकट माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोचा माणूस म्हणजे पन्नास ग्रॅम. चार पोळ्यांतून साधारण बारा, दोन अंड्यांतून बारा, घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पेलाभर दुधातून सहा-सात. चव्वेचाळीसच्या आसपास पोचलो, अजून उसळ आणि दही लिहिलंच नव्हतं. अंडी न खाणाऱ्यानं सोयाबीनच्या वड्या घ्याव्या, पंचवीस ग्रॅम वड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोरदार व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात हे खरं, आणि शेंगदाण्यांबरोबर तेलही पोटात जातं हेही खरं. पण ज्याचं ताट आधीच भरलंय, त्याला डब्याची गरज आहे की नाही हे ताट मोजल्याशिवाय कसं कळणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मधल्या आहारसूचनांत प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलंय.

शिवाय डब्यात काय आहे हाही प्रश्नच. केरळच्या डॉक्टरांच्या एका गटानं आपल्याकडे मिळणारी ३६ प्रथिन-उत्पादनं तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या २५ डब्यांवरची प्रथिनांची माहिती प्रत्यक्षाशी जुळत नव्हती, काहींत बुरशीचं विषही निघालं. यातली युक्ती समजून घ्या. प्रयोगशाळेत प्रथिनं मोजायची जुनी पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून प्रथिनं काढायची. मग ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्तातली अमिनो ॲसिडं घातली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनं फुगतात. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं होतं ते याचसाठी, आणि लाखो बाळं आजारी पडली. घटकांच्या यादीत ही नावं सुटी दिसली तर डबा खाली ठेवा.

कुठलाही सप्लिमेंटचा डबा हातात आला की आधी त्याची जात ओळखा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असेल तर ते अन्न आहे, औषध नाही. त्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' लिहिलेलं असायला हवं. विक्रेता याच डब्यानं सांधे, शुगर, थायरॉइड बरं होईल म्हणत असेल, तर तो डब्यावर छापलेल्याच्या उलट बोलतोय. परदेशी डब्यावर आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना नसेल तर तो कुणाच्या तरी सुटकेसमधून आलाय. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून आतल्या दहा गोष्टींचं वेगवेगळं प्रमाण दिलं नसेल, तर तुम्ही काय किती खाताय हे तुम्हालाच ठाऊक नसणार.

'नैसर्गिक आहे, त्रास काय होणार' हे वाक्य आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. करोनात गुळवेलीचा काढा, गोळ्या, रस, सगळं पोत्यानं खपलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली, वाद झाला. मी त्यात पडत नाही. पण काविळीची लक्षणं दिसली, तर डॉक्टरांना काढ्याचंही नाव सांगा, गोळ्यांबरोबर. लोक काढा सांगतच नाहीत, त्यांना तो 'औषधात' धरायचाच नसतो. ऑपरेशनच्या आधी, दिवस गेलेले असताना, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना तर प्रत्येक पावडर, प्रत्येक कॅप्सूल सांगा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी तपासणी न करता महिनोन्महिने घेणारेही आहेत. ते शरीरात साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

मोबाइलवर

डॉक्टरी कोट घातलेला माणूस रीलमध्ये काहीतरी घ्या म्हणाला, तर खाली कूपन कोड आहे का बघा. कोड असेल तर प्रत्येक विक्रीमागे त्याला पैसे मिळतात. ॲस्की ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था. ऑगस्ट २०२३ पासून तिचा नियम आहे की आरोग्याचा सल्ला देणाऱ्यानं आपलं शिक्षण सांगावं आणि पैसे घेतले असतील तर तेही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला आणि जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. पतंजलीच्या जाहिरातींवरून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात माफीनामे द्यावे लागले, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंच.

तक्रार करायची झाली तर

पुडा फेकू नका. हे सगळ्यात आधी, कारण माझ्याकडे रागानं येणाऱ्या दहांतले नऊ पुडा कचऱ्यात टाकून आलेले असतात. पुढची, मागची बाजू, बॅच नंबर, तारीख, सगळ्याचे फोटो काढा. बिल मागा, आम्ही टाळाटाळ केली तरी मागा. जाहिरात मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट घ्या, ती संध्याकाळपर्यंत गायब होते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावा. पुड्यातल्या मालाबद्दल असेल तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर किंवा जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात. फक्त जाहिरातीबद्दल असेल तर ॲस्कीकडे, तक्रारीला पैसे पडत नाहीत.

त्या काकू नाचणीचे पुडे ठेवून गेल्या. जाताना पाव किलो नाचणी दळून देशील का विचारलं. म्हटलं, आमच्याकडे चक्की नाही, पण समोर आहे. पाव किलोसाठी तो चक्की लावणार नाही, किलोभर घ्या. त्यांनी किलोभर घेतली.